जुन्या मुख्यालयाचा दगड आणि सागवान: दुरुस्ती कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या फोर्ट भागात एका संस्थेचे मुख्यालय आहे, इमारत 1890 च्या दशकातली. बाहेरून मालाडचा पिवळसर दगड, नक्षीकामाला पोरबंदरचा दगड, जोत्याला काळा बेसाल्ट. आत सागवानी जिना, सभागृहाला लाकडी छत आणि भिंतींना पॅनेल. दगड काळा पडला आहे, काही ठिकाणी त्याचे पापुद्रे सुटतात, आणि सभागृहाच्या छताचा एक कोपरा खाली झुकला आहे. कंत्राटदाराने सँडब्लास्टिंग (दाबाने वाळूचा मारा करून सफाई), सिमेंटने दर्जा म्हणजे दगडांमधले सांधे भरणे, वरून सिलिकॉनचा पारदर्शक थर आणि आत सगळ्या लाकडाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असा प्रस्ताव दिला आहे. तो मंजूर करावा का?

करू नका. या चारही कामांनी इमारत उद्‌घाटनाच्या दिवशी छान दिसेल आणि काही पावसाळ्यांतच आजच्यापेक्षा वाईट होईल. कारण सांगतो, कारण ते कळले की पुढचे निम्मे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

त्या काळातली मुंबईची दगडी भिंत म्हणजे बाहेर घडीव दगड, आत डबर (अनघड दगड) आणि चुना. तिची जाडी दोन फूट तर सहज, खालच्या मजल्यावर त्याहून जास्त. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. एवढ्या पावसात अशी भिंत कोरडी राहील, असे बांधणाऱ्यांनी कधी धरलेच नव्हते. भिंत भिजणार, आणि ऑक्टोबरचे ऊन लागले की चुन्याच्या दर्जांमधून ओल बाहेर पडणार, या हिशेबावर ती उभी आहे. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून ओल चुन्यातून बाहेर पडते आणि झीज झालीच तर चुन्याची होते. चुना पुन्हा भरता येतो, कोरलेला दगड पुन्हा मिळत नाही.

आता त्या दर्जांत सिमेंट भरा. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि घट्ट. आत शिरलेले पाणी बाहेर यायला दर्ज शोधते, ती बंद असते, मग ते दगडाच्या अंगातून बाहेर येते. येताना क्षार घेऊन येते. समुद्रकाठच्या इमारतीत मीठ असतेच, त्यात सिमेंटच्या क्षारांची भर. दगडाच्या पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात, फुगतात आणि वरचा पापुद्रा ढकलून टाकतात. तुमच्या दगडाचे पापुद्रे जिथे सुटत आहेत, तिथल्या दर्जा जवळ जाऊन पाहा. मागच्या दुरुस्तीतले करडे, फुगीर, कडेला सुटलेले सिमेंट तिथे सापडण्याची शक्यता फार मोठी आहे. सिलिकॉनचा थर हेच काम अख्ख्या दर्शनी भागावर करतो. पाणी फक्त समोरून येत असते तर त्याचा उपयोग झाला असता. ते छतातून, पन्हळीतून, फुटलेल्या नळातून, जोत्याखालून येते आणि त्या थरामागे अडकते.

आणि त्याच भिंतीत तुमच्या सभागृहाच्या तुळयांची टोके बसवलेली आहेत. तुमच्या प्रश्नात दगड आणि लाकूड अशी दोन वेगळी कामे, दोन वेगळे ठेकेदार आहेत. माझे सगळ्यात ठाम मत हेच की ती दोन कामे नाहीत. लाकडाचे बहुतेक आजार भिंतीतून आणि छतातून येतात. छताचा कोपरा झुकला म्हणून आधी सुतार बोलावू नका. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर, गच्चीवर कोणाला तरी पाठवा.

गच्चीवर काय सापडते ते मी या भागातल्या इमारतींवर पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मूळ चुन्याचा कोबा, त्यावर कधीतरी केलेला ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, त्यावर डांबरी थर, त्यावर पुन्हा कोबा. प्रत्येक गळतीला एक थर. या सगळ्याचे वजन खालच्या तुळयांवर येते आणि पाणी मात्र थरांच्या मधून फिरत राहते. पाणी जिथे टपकते तिथे ते शिरलेले असेलच असे नाही. जादा थर उतरवणे कंटाळवाणे आणि धुळीचे काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका. उतारावर मंगलोरी कौले असतील तर दोन उतारांच्या खोबणीतला पत्रा, पन्हळींचा उतार आणि भिंतीत दडवलेले ओतीव लोखंडाचे नळ तपासा. आत दडलेला नळ सांध्याला फुटला की बाहेरून काहीच दिसत नाही. आत पॅनेलमागे लोणा लागतो, लाकूड काळे पडते आणि लोक त्याला वाळवी समजतात. शक्य असेल तिथे असे नळ बंद करून पाणी बाहेरच्या नळाने खाली आणावे. दर्शनी सौंदर्यात थोडी तडजोड होते, मी ती दर वेळी करायला तयार असतो.

पिंपळ आणि उंबराची रोपे उपटू नका. वरून ओढले की रोप हातात येते आणि मूळ भिंतीत राहते, पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटते. खोड छाटून मुळावर औषध लावा, ते मरू द्या, आणि मूळ जाड असेल तर तिथले दगड क्रमांक घालून उतरवा, मूळ पूर्ण काढा, दगड चुन्यात परत बसवा. बहुधा हे कठड्यांवर आणि कंगोऱ्यांवर असते, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून बी तिथेच पडते.

पाण्याचा बंदोबस्त झाला की दगडाकडे या. सुरुवात पाहणीने करा. प्रत्येक दर्शनी बाजूचे मोजमापी रेखाचित्र काढून त्यावर प्रत्येक दगडाची अवस्था रंगाने नोंदवायची: कुठे तडा, कुठे पापुद्रा, कुठे काळी खपली, कुठे सिमेंट, कुठे गंजाचा डाग. पाहणीसाठी उभारलेली परांची भिंतीपासून स्वतंत्र असावी. भिंतीत भोके पाडून बांबू खुपसणारी परांची मुंबईत अजूनही दिसते. ज्या दगडाची दुरुस्ती करायची त्यालाच आधी भोक पाडायचे, हे मान्य करू नका.

गंजाचे डाग विशेष लक्षात ठेवा. कंगोरे, कळस, पुढे आलेल्या मूर्ती, कठड्याचे दगड हे एकमेकांना लोखंडी आकड्यांनी अडकवलेले असतात. लोखंड गंजले की त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते आणि चांगला, निरोगी दगड आतून फुटतो. अशी भेग वरून भरून काही होत नाही, गंज चालूच राहतो. दगड उतरवून आकडा काढायचा, त्या जागी 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा आकडा बसवायचा. खाली रस्त्यावरून माणसे जातात, त्यामुळे या कामाला सौंदर्याच्या आधी सुरक्षिततेचे कारण आहे. हातोडीने हलके ठोकून प्रत्येक पुढे आलेला दगड तपासा. भरीव दगड टणक वाजतो, सुटलेला पोकळ. यंत्रे आहेत आणि ती वापरावीत, पण जुन्या पाथरवटाच्या कानावर मी अजून विश्वास ठेवतो.

सिमेंट काढताना ग्राइंडर वापरू देऊ नका. ठेकेदार म्हणेल की हाताने वेळ लागतो. लागतोच. ग्राइंडरची चकती एकदा दर्जेबाहेर गेली की दोन्ही दगडांच्या कडा कायमच्या कापल्या जातात, आणि मालाडच्या दगडाची कड परत उभी करता येत नाही. बारीक छिन्नी आणि लहान हातोडी, दर्जेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत. जिथे सिमेंट दगडाला इतके चिकटले आहे की काढताना दगडच तुटेल, तिथे ते तसेच राहू द्यावे. हे ठरवायला जागेवर अनुभवी माणूस हवा, निविदेतले वाक्य पुरत नाही.

नव्या चुन्याबद्दल दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कळीचा चुना विरवून, काही आठवडे पाण्याखाली मुरवून, वाळू आणि सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) चुन्याच्या घाण्यात मळायचा. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी त्यात घालण्याची आपल्याकडे परंपरा आहे आणि जाणता गवंडी असेल तर तिचा उपयोग होतो. नसेल तर गूळ जास्त पडून चुना कमकुवत झालेलाही पाहायला मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे ओलाव्यातही घट्ट होणारा तयार हायड्रॉलिक चुना. मुंबईच्या हवेत, उघड्या दर्शनी भागावर मी बहुतेक वेळा दुसरा सुचवतो, कारण त्याची प्रत एकसारखी असते. मात्र त्यातलाही मधल्या ताकदीचा घ्यायचा. सगळ्यात मजबूत तो चांगला, हा समज इथे घातक आहे, चुना दगडापेक्षा मऊच हवा. मूळ चुन्याचा तुकडा प्रयोगशाळेत देऊन त्यातल्या वाळूचा आकार आणि रंग पाहून घ्या, म्हणजे नवी दर्ज जुनीशी जुळते. भरल्यावर गोणपाट ओले ठेवून किमान आठवडा-दहा दिवस जपायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, महिन्याला साधारण एखादा मिलिमीटर. म्हणून बाहेरचे काम पाऊस संपल्यावर लगेच सुरू करून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत संपवावे. मे महिन्याच्या शेवटी भरलेल्या दर्जा जूनचा पाऊस धुऊन नेतो आणि दोष चुन्याला मिळतो.

सफाई सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. सँडब्लास्टिंग दगडाची कातडी काढते. पाथरवटाच्या टाकीच्या खुणा जातात आणि खडबडीत झालेला पृष्ठभाग पूर्वीपेक्षा लवकर मळतो. आम्लाने धुणे पोरबंदरसाठी तर सरळ नाश आहे, कारण तो चुनखडीचा दगड, आम्लात विरघळतो. तुमच्या नक्षीकामावर आडोशाच्या जागी, जिथे पाऊस थेट पोचत नाही, तिथे जी कडक काळी खपली दिसते ती नुसती धूळ नाही. हवेतल्या गंधकाच्या वायूने चुनखडीच्या पृष्ठभागाचे जिप्सम केलेले असते आणि त्यात काजळी अडकलेली असते. ती खरवडली तर पाने-फुले तिच्याबरोबर गळून पडतात. तिथे पाण्याचा बारीक फवारा बराच वेळ, मग मऊ नायलॉनचा ब्रश, आणि तरीही न सुटल्यास कागदाच्या लगद्यात अमोनियम कार्बोनेट घालून केलेला लेप. बेसाल्टला आणि मालाडला बहुधा पाणी आणि ब्रशच पुरतो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चौरस मीटरभर नमुना करून घ्या, वाळू द्या, मग सगळ्यांनी उभे राहून किती स्वच्छ करायचे ते ठरवा. दगड नवा दिसायला लागला तर सफाई जास्त झाली.

दगड बदलायचा प्रश्न अवघड आहे. मालाडच्या खाणी केव्हाच बंद झाल्या, शहराने ती जमीन गिळली. पाडलेल्या इमारतींचा दगड मिळाला तर तो साठवून ठेवावा, मी प्रत्येक संस्थेला हे सांगतो. नाही मिळाला तर रंगाबरोबर सच्छिद्रता आणि ताकद तपासून जवळचा दगड निवडावा. नुसता रंग जुळवून बसवलेला कठीण दगड शेजारच्या जुन्या दगडाला सिमेंटसारखाच त्रास देतो. अख्खा दगड बदलण्याऐवजी खराब भाग चौकोनी कापून तेवढाच तुकडा बसवता येतो, तोच पहिला पर्याय समजा. पोरबंदरसारखा थरांचा दगड खाणीत जसा आडवा होता तसाच आडवा बसवावा, उभा बसवला तर थर पानांसारखे सुटतात.

झिजलेली नक्षी पुन्हा कोरावी का, यावर समितीत वाद होईल. माझे मत असे की पाणी झटकून टाकणारे भाग, म्हणजे कंगोरे, छज्जे, टपकणीच्या खाचा, नव्याने पूर्ण कराव्यात, कारण त्यांना काम आहे. चेहरे, प्राणी, पाने झिजली असतील तर तशीच राहू द्यावीत. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचे बरेचसे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. तीही मूळची एका रेल्वे कंपनीच्या मुख्यालयाची इमारत, 1878 ते 1888 मधली, आणि आजही मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. तिचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, आणि समोरची महापालिकाही त्याचीच. महापालिकेची कोनशिला डिसेंबर 1884 मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली आणि इमारत 1893 मध्ये पुरी झाली. चर्चगेटचे पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही त्याचेच. तुमची समिती या तिन्ही इमारती एका सकाळी पायी पाहू शकते. दुर्बीण घेऊन जा, नवा दगड जुन्याशी कुठे जुळला आणि कुठे नाही ते पाहा. माझ्या उत्तरापेक्षा जास्त कळेल.

आता लाकूड. छत आणि भिंत कोरडी झाल्यावर लाकडाला एक पूर्ण ऋतू द्या. ओलावा मोजण्याचे यंत्र स्वस्त असते, ते घ्या आणि दर पंधरवड्याला त्याच ठिकाणी मोजा. वीस टक्क्यांच्या वर लाकूड राहिले तर बुरशी जगते, त्याखाली ती थांबते. मग तुळयांची टोके उघडा. बाहेरून शाबूत दिसणारी सागवानी तुळई भिंतीत गेल्यावर भुगा झालेली असू शकते. दाभण टोचून पाहा, गरज वाटली तर बारीक सळईने छिद्र पाडून प्रतिकार मोजणारे यंत्र मिळते. बरेचदा फक्त शेवटचे फूट-दीड फूट खराब निघते. तेवढे कापून तिरक्या लांब सांध्याने जुन्या सागाचा तुकडा जोडायचा, टोकाभोवती हवा खेळेल अशी जागा सोडायची आणि दगडाशी थेट स्पर्श टाळायचा. पूर्ण तुळई बदलणे सोपे असते म्हणून सुचवले जाते. तसा जुना ब्रह्मदेशी साग आज बाजारात सहज नाही. इमारतीतले टाकाऊ ठरवलेले प्रत्येक लाकूड साठवून ठेवा, त्यातूनच तुकडे निघतील.

पॅनेलच्या बाबतीत एक चूक मी बऱ्याच चांगल्या सुतारांकडूनही होताना पाहिली आहे. पॅनेलची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. फट दिसते म्हणून तिथे लुकण भरतात किंवा फळी डिंकाने चिकटवतात, आणि पुढच्या मे महिन्यात फळी मधोमध तडकते. फट दोष नाही, ती ठेवायचीच. जिन्याच्या कठड्याचे सांधे ढिले झाले असतील तर स्क्रू मारून आवळू नका. सांधा उघडा, कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) झिजला असेल तर त्याला पातळ फळी लावून भरा, पुन्हा बसवा. वाळवीसाठी लाकडावर औषध फवारून समाधान मानू नका. ती जमिनीतून भिंतीच्या आत मातीच्या नळ्या करून येते, म्हणून उपाय जोत्यापाशी आणि ओलीपाशी करावा लागतो.

जुने रंग काढायचे तर आधी लाकडाखाली काय आहे ते पाहा. लहानशा चौकोनात थर एकेक करून उघडले की मूळ काय होते ते कळते. त्या काळच्या तैलरंगात शिसे असते, त्यामुळे खडखडीत घासून धूळ उडवणे किंवा गरम हवेने जाळणे कामगारांच्या जिवाशी खेळ आहे. लेप लावून, मऊ झाल्यावर पत्रीने काढावे, मुखवटा आणि हातमोजे अनिवार्य. कॉस्टिक सोड्यात बुडवून दारे स्वच्छ करणारे लोक आहेत, त्यांना दूर ठेवा. सांधे सुटतात, साग काळवंडतो आणि क्षार लाकडात राहून पुढचे कोणतेही पॉलिश धरू देत नाहीत.

पीयूबद्दल. ते लाकडावर प्लास्टिकसारखा जाड पडदा बनवते. कोरड्या, एकसारख्या हवेत ठीक. मुंबईत लाकूड त्याखाली हालत राहते, पडदा फुटतो, ओल आत शिरते, पांढरे डाग पडतात, आणि मग तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, अख्खे दार खरवडावे लागते. आतल्या लाकडाला चपड्याचे (लाखेचे) पॉलिश, कापसाच्या बोळ्याने, पातळ थरांत. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात फिरवता येतो, हाच त्याचा मोठा गुण. पाणी लागेल तिथे मात्र चपडा पांढरा पडतो, म्हणून खिडक्यांच्या झडपा, बाहेरची दारे यांना जवसाच्या तेलावर आधारलेले लेपन किंवा मूळ रंग असेल तर रंगच. जिन्याचा कठडा तेल आणि मेणावर सुंदर राहतो, वर्षातून एकदा हात फिरवला की पुरे.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. लाकडी छतावर जुन्या वायरी, त्यावर नंतर बसवलेली वातानुकूलन यंत्रे, आणि खाली फॉल्स सीलिंग, हे मिश्रण आग लावते. फॉल्स सीलिंग काढा, वायरी धातूच्या नळ्यांतून उघड्यावर आणा. चर्चगेटच्या त्याच रेल्वे मुख्यालयाचा बराच भाग 1905 मध्ये आगीत सापडला होता. वातानुकूलनाचे पाणी कुठे जाते तेही बघा, अनेकदा ते थेट नक्षीकामावर सोडलेले असते.

परवानगीसाठी इमारतीची वारसा श्रेणी काय आहे ते आधी पाहा. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. श्रेणी एक असेल तर बाहेरच नव्हे, आतल्या बदलालाही वारसा समितीची मान्यता लागते.

शेवटी निविदा, कारण बहुतेक इमारती निविदेत बिघडतात. सर्वांत कमी दर हाच निकष ठेवला तर तुम्हाला पुन्हा हाच प्रस्ताव मिळेल. आधी तंत्र तपासा, नमुन्याचे काम करून घ्या, आणि नमुना मान्य झाल्यावरच दर उघडा. दर्जा काढण्याचे काम चौरस मीटरवर न देता दर्जेच्या लांबीवर द्या, म्हणजे घाईला बक्षीस मिळणार नाही. दगड बदलण्याची संख्या ठरवून टाकू नका, नाहीतर तेवढे दगड बदललेच जातील. पाथरवट आणि सुतार यांची नावे करारात असू द्या आणि मधेच माणसे बदलली तर काम थांबवण्याचा हक्क ठेवा. आणि देयकाचा मोठा हिस्सा एक पूर्ण पावसाळा गेल्यानंतर द्या, ऑक्टोबरमध्ये सभागृहाच्या त्याच कोपऱ्यात ओलावा मोजून.